चार वर्षांनी हातात काय राहतं, तेवढं सांगा

माझी २०१३ची पेट्रोल गाडी आता सकाळी सुरू होण्याआधी दोनदा खोकते. मेकॅनिक म्हणाला, "मालक, आता हिच्यावर पैसे घालू नका, सोडा." म्हणून हा सगळा उद्योग सुरू झाला. तीन आठवड्यांत डोकं इतकं फिरलंय की परवा दुकानात गिऱ्हाइकानं टॉवेलचा भाव विचारला आणि मी त्याला महिन्याचा हप्ता सांगून बसलो.

इलेक्ट्रिक गाडी घ्यायची हे मनात पक्कं होतं. सोलापुरात विजापूर रोडवरून चाटी गल्लीत दुकानाला, तिथून माल बघायला अक्कलकोट रोड एमआयडीसीत, परत घरी. दिवसाचे पंचवीस किलोमीटर. यासाठी पेट्रोल जाळणं म्हणजे पैशाला काडी लावणं. पण कुठून तरी बुद्धी सुचली, विकत कशाला, लीजवर घेऊ, म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी महिन्याच्या भाड्यानं. बॅटरी बिघडली तर कंपनीचं कपाळ. झालं! तिथून जो फेरा लागला तो अजून सुटलेला नाही.

पहिला झटका पिनकोडचा. लीज कंपनीच्या साइटवर गाडी निवडली, रंग निवडला, मुदत निवडली. शेवटी पिनकोड टाका. ४१३ टाकून पुढचे आकडे टाकले की स्क्रीनवर एक हसरं चित्र येतं: लवकरच येतोय तुमच्या शहरात. कधी? ते चित्रालाही माहीत नाही. फोन केला, तर पलीकडचा पोरगा अगदी गोड आवाजात, "सर, पुण्यात कुणाचा पत्ता आहे का?" आहे ना, मुलगी आहे होस्टेलवर. म्हणजे आता मी पोरीच्या होस्टेलच्या पत्त्यावर गाडी घेऊ, एमएच १३ सोडून एमएच १२ची पाटी लावून सात रस्त्यावरून फिरू, आणि सर्व्हिसिंगला अडीचशे किलोमीटर पुण्याला नेऊ?

बरं, तेही गिळलं. म्हटलं, आकडा सांग. "महिन्याला फक्त ३३,००० सर. प्लस टॅक्स." हा 'फक्त' शब्द मी चाटी गल्लीत वापरला तर गिऱ्हाईक पायरीवरूनच मागं फिरेल. पाच टक्के जीएसटी धरून ३४,६५० झाले. अठ्ठेचाळीस महिने. गुणाकार करा: १६ लाख ६३ हजार. विमा आणि सर्व्हिसिंग त्यात धरलंय, टायर नाही. आणि तीच गाडी रस्त्यावर आणेपर्यंत मला १६ लाखांना पडते. तीन लाख रोख भरून तेरा लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी काढलं, तर चार वर्षांत हप्ते, विमा, सर्व्हिसिंग सगळं मिळून वीस लाखांच्या आसपास जातात. लीज स्वस्त दिसते ना? साडेतीन लाखांनी स्वस्त. फक्त एक बारीक गोष्ट राहते. कर्ज फिटलं की गाडी माझ्या दारात असते. लीज संपली की दारात तेलाचा डागसुद्धा नसतो, कारण विजेच्या गाडीला इंजिन ऑइलच नाही!

म्हणजे चार वर्षांनी १६ लाखांची गाडी साडेतीन लाखांच्या वर विकली गेली, तर विकत घेणारा पुढं. आता इलेक्ट्रिक गाडीला सेकंडहँड बाजारात भाव पडतो हे मलाही कळतं. लीजच्या बाजूनं खरा म्हणावा असा तेवढाच एक मुद्दा आहे, भाव पडला तर तो त्यांच्या अंगावर. पण साडेतीन लाख? इतकी माती होईल असं मला वाटत नाही.

आणि मग ती बारीक अक्षरं. वर्षाला १२,००० किलोमीटरची मर्यादा, पुढं प्रत्येक किलोमीटरला ९ रुपये. माझा हिशोब: रोजचे पंचवीस, महिन्याला एकदा पुणे जाऊन-येऊन पाचशे, शिवाय तुळजापूर, अक्कलकोट, आषाढीच्या आधी पंढरपूर. वर्षाचे पंधरा हजार कुठंच गेले नाहीत. चार वर्षांत बारा हजार जादा, म्हणजे १ लाख ८ हजार रुपये. म्हणजे स्वामींच्या दर्शनाला निघालो की वाटेत मीटर मोजत बसायचं, आता मर्यादा संपली, आता प्रत्येक किलोमीटरला ९ रुपये नैवेद्य. हे धरलं की साडेतीन लाखांतले अडीचही उरत नाहीत. तेवढ्याला तर ती गाडी कुणीही डोळे झाकून नेईल.

परत देताना 'वाजवीपेक्षा जास्त झीज' आढळली तर वेगळी वसुली. आता वाजवी म्हणजे काय, हे ठरवणारा माणूस एकदा नवी पेठेत संध्याकाळी सातला गाडी घालून दाखव म्हणावं. दोन्ही बाजूंनी रिक्षा, मध्ये हातगाडी, मागून बुलेट. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पार्क चौकात ओरखडा न पडता गाडी बाहेर आली तर ती झीज नव्हे, चमत्कार.

सगळ्यात जास्त तिडीक गेली ती जीएसटीवरून. पोरगा म्हणाला, "सर, तुम्ही व्यापारी आहात, जीएसटीचं क्रेडिट मिळेल, भरलेला टॅक्स वळता होईल." आमच्या सीएला विचारलं. तो दहावीपासूनचा मित्र. हसत सुटला. "काय बे, कुणी सांगितलं तुला? माणसं बसायची गाडी, तेरा सीटांपर्यंतची. कलम १७(५). विकत घे नाही तर भाड्यानं घे, क्रेडिट बंद. टॅक्सीचा धंदा करतोस का?" वर म्हणाला, धंद्याच्या नावावर विकत घेतलीस तर इलेक्ट्रिक गाडीवर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे गाडीची घटती किंमत खर्चात दाखवता येते, साध्या गाडीवर १५. लीजवर भाडं खर्चात धरता येतं, पण घसारा लीज कंपनीच्या वहीत. म्हणजे सरकारनं दिलेली मलई ते खाणार आणि मला सांगणार, ताक पौष्टिक असतं.

मेहुण्यानं आणखी एक मेसेज पाठवला, इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावर आयकरात दीड लाखाची सूट! ती ३१ मार्च २०२३पर्यंत मंजूर झालेल्या कर्जाला होती. तो मेसेज अजून फिरतोय. आणि इलेक्ट्रिक गाडीला टोल माफ म्हणे. माफ आहे, राज्याच्या धोरणात नावानिशी लिहिलंय: मुंबई-पुणे द्रुतगती, समृद्धी, अटल सेतू. यातला एक तरी सोलापूरला येतो का? आमच्या वाटेवर सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस. चारही ठिकाणी फास्टॅग टुंग करतो.

बॅटरीची भीती दाखवूनच लीज विकतात, म्हणून तेही खोदलं. बहुतेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. माझी लीज चार वर्षांची. म्हणजे ज्या भीतीपोटी मी भाडं भरणार, ती भीती माझ्या मुदतीत येणारच नाही! काही कंपन्या तर आता पहिल्या मालकाला आजीवन वॉरंटी देतात. लीजवर पहिला मालक कोण? आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, नाव त्यांचं. दसऱ्याला हार घालायचा मी, नारळ फोडायचा मी.

हे सगळं घरी अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, कडक भाकरी मोडली, शेंगाचटणीवर दही घेतलं आणि म्हणाले, "मग चार वर्षांनी आपल्याकडं काय राहतंय?" मी तोच प्रश्न फोनवरच्या पोराला विचारला. जरा थांबून तो म्हणाला, "एक्सपीरियन्स राहतो, सर."

एक्सपीरियन्स मी फुकटात घेऊन आलोय. मित्राची इलेक्ट्रिक गाडी घेऊन मे महिन्यात पुण्याला गेलो होतो. बाहेर ४३ डिग्री, एसी काढायचा तर माणूस शिजतो. कागदावर साडेचारशेच्या वर जाणारी गाडी हायवेवर तीनशेच्या बोलीवर आली. परतीला इंदापूरच्या अलीकडं एका हॉटेलात चार्जिंगला थांबलो. दोन गन, म्हणजे गाडीत खुपसायच्या केबल. एकीवर चिठ्ठी चिकटवलेली, 'बंद आहे'. दुसरीवर टॅक्सी लागलेली, ड्रायव्हर आत झोपलेला. पाऊण तासानं नंबर लागला, तर अ‍ॅप म्हणतं आधी पाकिटात ५०० रुपये भरा. भरले. ओटीपी येईना. बायको पत्र्याच्या शेडखाली पदरानं वारा घेत उभी. मी ती जड केबल दोन्ही हातांनी धरून उभा, कुठं खुपसू विचारतोय आणि उत्तर द्यायला चिटपाखरू नाही. शेवटी हॉटेलच्या पोऱ्यानं येऊन मशीनच्या लाल बटणावर एक चापट मारली आणि ते सुरू झालं. त्या पोऱ्याला कंपनीनं पगारावर घ्यावं.

तरी गावात ती गाडी सोनं आहे, हे कबूल करतो. मित्र तक्रार करत नाही. बंगला आहे त्याचा, रात्री प्लग लावतो, सकाळी निघतो. माझी गोची वेगळी. मी तिसऱ्या मजल्यावर, पार्किंग खाली. पंधरा अँपिअरचा साधा सॉकेट मिळाला तरी रात्रभरात माझे चार-पाच दिवस निघतील, एवढंच मागतोय. महिन्याला सव्वाशे-दीडशे युनिट वाढतील, बिल तीनशेच्या पुढच्या महागड्या टप्प्यात जाईल, तेही भरतो. पण सेक्रेटरी म्हणतात, वार्षिक सभेत विषय घ्या. सभा झाली गेल्या महिन्यात. माझ्या मीटरवरून, माझ्या खर्चानं, माझ्या पार्किंगपर्यंत एक वायर. ती भिंतीवरून गेली की म्हणे इमारतीची शोभा जाते. ज्या भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या आहेत, ती भिंत! आणि लीजवाले चार्जर बसवायचा खर्च देत नाहीत. म्हणजे उद्या सभेनं परवानगी दिली, तर चार वर्षांनी गाडी जाणार आणि तो डबा भिंतीवर राहणार, मोबाईल चार्ज करायलासुद्धा निरुपयोगी.

लीजचा कागद मी काल फाडला. कर्जाचा फॉर्म आणलाय, पण सही केलेली नाही, वायरचं ठरेपर्यंत करणारही नाही. चार दिवसांच्या खाड्यानंतर उद्या नळाला पाणी येतंय. पहाटे मोटार चालू करायला सेक्रेटरी स्वतः खाली उतरतात, टाकी भरेपर्यंत जागचे हलत नाहीत. तिथंच गाठतो.