४५ दिवसांत पैसे? आधी ३१ मार्चचं गणित बघा

उद्योजकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘आता मोठ्या कंपनीने ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर तेवढ्या खरेदीवर तिलाच टॅक्स बसतो. लघुउद्योजकांची उधारी संपली! उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा आणि निर्धास्त व्हा.’ भोसरीत माझं टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. या मेसेजच्या भरवशावर एक नवखा मित्र खेळत्या भांडवलाची सोय न करता मोठी ऑर्डर उचलायला निघाला होता, म्हणून हे लिहितोय.

कायदा खरा आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात पैसे द्यायला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, आणि करारच नसेल तर १५ दिवस आहेत. (ही १५ ची गोष्ट मेसेजमध्ये नाही, आणि तीच आपल्या फायद्याची!) २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला प्राप्तिकराची जोड दिली, कलम ४३बी(एच).

‘तिलाच टॅक्स बसतो.’ बसतो, पण कधी? मुदत चुकली तरी खर्चाची वजावट (उत्पन्नातून खर्च वजा करण्याची मुभा) कायमची बुडत नाही, पैसे देतील त्या वर्षी मिळते. खरी मेख ३१ मार्चला आहे. माझं जूनचं बिल कंपनीने फेब्रुवारीत चुकतं केलं, म्हणजे आठ महिन्यांनी, तरी त्याच आर्थिक वर्षात दिल्यामुळे तिला पूर्ण वजावट मिळते. कर विभागाचं काही बिघडत नाही, कंपनीचंही नाही. अडचण फक्त ३१ मार्चला थकलेल्या आणि मुदतीत न दिलेल्या बिलांची. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फोन न करता खात्यात पैसे येतात, आणि एप्रिलपासून ये रे माझ्या मागल्या.

‘लघुउद्योजकांची उधारी.’ हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यमला नाही. व्यापाऱ्यांनाही नाही, त्यांची उद्यम नोंदणी होते ती बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. मला स्टीलचे बार देणारा व्यापारी म्हणूनच कायद्याच्या नादी लागत नाही. रोख दिले तर गाडी उतरवतो.

बरं, दिवस मोजायचे कधीपासून? माल पोचल्यापासून. पण १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली तर ती मिटल्यापासून. गेटवर इनवर्डचा (माल आत आल्याचा) शिक्का पडला तरी तपासणी ‘पेंडिंग’ राहते, मग चार नगांच्या रिजेक्शनचा मेल येतो आणि अख्ख्या लॉटची घड्याळं थांबतात. काही ठिकाणी तर ‘बिल पुढच्या महिन्याच्या तारखेचं द्या’ असं गोडीत सांगतात. आपण देतो.

तक्रारीची सोय आहे आणि तिला दातही आहेत. २०१७ मध्ये थकबाकीच्या तक्रारींसाठी समाधान पोर्टल आलं. बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सुविधा परिषदेच्या (अशा तक्रारींचा निवाडा करणारी सरकारी परिषद) निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. तरीही बारा वर्षांत मी एकही तक्रार केलेली नाही. माझं निम्म्याहून जास्त काम दोन पार्ट्यांकडून येतं. व्हेंडर कोड (कंपनीकडचा आपला पुरवठादार क्रमांक) बंद करायला त्यांना एक क्लिक पुरते, कारणही द्यावं लागत नाही. २०२४ च्या सुरुवातीला तर हा नियम टाळायला काही कंपन्यांनी पुरवठादारांना उद्यम नोंदणीच रद्द करायला सांगितल्याच्या तक्रारी आल्या होत्या.

‘ट्रेड्स’ या ऑनलाइन बाजारावर बँकांना बिल विकून पैसे आधी मिळवा, असंही सांगतात. चांगली सोय आहे, पण खरेदीदाराने बिल मान्य केल्याशिवाय तिथे कोणी पैसे लावत नाही. गाडी पुन्हा त्याच दारात.

मेसेजने न सांगितलेली गोष्ट जीएसटीची. या महिन्यात बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला मी कर भरतो, पैसे आलेले असोत वा नसोत. खरेदीदार मात्र त्याच बिलावर क्रेडिट घेऊन बसतो, आणि आपले पैसे द्यायला जीएसटी कायदा त्याला १८० दिवस देतो, त्यानंतरच क्रेडिट परत करावं लागतं. एकीकडे ४५, दुसरीकडे १८०. कंपनीचा अकाउंटंट कोणता आकडा लक्षात ठेवेल?

मित्राच्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) ९० दिवस छापलेले होते. कायद्यापुढे ते ४५ च, हे खरं. पण आम्ही ९० धरून हिशोब पुन्हा मांडला: बारचे रोख पैसे, तीन पगार, वीजबिल, दोनदा जीएसटी. त्याने ऑर्डर निम्मी घेतली.