मास्टर कार्डाच्या भरवशावर माल पाठवायचा?

एम्बेडेडवाल्यांच्या, म्हणजे यंत्राच्या आत बसणारे छोटे संगणक बनवणाऱ्यांच्या, ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीनदा आला, एकदा तर आमच्याच परचेसच्या माणसाकडून, खाली ‘बघा जरा’ असं लिहून. मजकूर साधारण असा:

‘यॉक्टो, बिल्डरूट हे मोठ्या कंपन्यांचे चोचले. छोट्या कंपनीने (१) रास्पबेरी पाय घ्यावा, तयार ओएस टाकावी, आपलं सॉफ्टवेअर चढवावं, कार्डाची कॉपी मारून माल पाठवावा. (२) सिक्युरिटीसाठी एपीटी अपग्रेड आहेच. (३) यॉक्टो शिकण्यात वर्ष जातं, वर शंभर जीबी डिस्क खातं. (४) लिनक्स फुकट आहे, लायसन्सची भीती कन्सल्टंट घालतात. (५) सोळा जीबीचं कार्ड स्वस्तात मिळतं, मग सिस्टम छोटी करायचा अट्टाहास कशाला?’

यॉक्टो आणि बिल्डरूट म्हणजे आपल्या उपकरणापुरतं लिनक्स सोर्सपासून बनवून देणारी साधनं; रास्पबेरी पाय हा हातात मावणारा छोटा संगणक-बोर्ड; एपीटी हे तयार लिनक्समधली पॅकेजं टाकणारं आणि अपडेट करणारं साधन. लिहिणाऱ्याचा वैताग मला कळतो, कारण त्याने सांगितलेलं सगळं आम्ही करून बसलोय. दूध संकलन केंद्रातल्या बल्क कूलरचं तापमान नोंदवून सर्व्हरला पाठवणारा एक डबा आम्ही बनवत होतो. आत पायच्या जातीचा बोर्ड, त्यावर तयार लिनक्स, त्यावर आमचं पायथन. पहिले दहा डबे मस्त चालले. मेसेज लिहिणारा बहुधा त्या दहाव्या डब्यापाशी उभा आहे.

पहिला मुद्दा, कार्डाची कॉपी. आमच्याकडे ‘मास्टर कार्ड’ होतं. ते काडेपेटीत, काडेपेटी ड्रॉवरमध्ये, वर मार्करने लिहिलेलं ‘फायनल’. पुढे ‘फायनल २’ आलं, मग ‘फायनल नवीन’. डीडी ही कॉपीची कमांड चालवायची, कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढायची, दुसऱ्या कार्डावर ओतायची. पहिला फटका बसला तो गणिताचा: दोन वेगळ्या ब्रँडची सोळा जीबीची कार्डं सेक्टरला सेक्टर सारखी नसतात. नवीन लॉट किंचित लहान निघाला आणि डीडी अगदी शेवटाला येऊन ‘जागा शिल्लक नाही’ म्हणून थांबलं. यावर उपाय आहेत, पार्टिशन लहान करून इमेज काढता येते. पण ही किरकोळ बाब झाली.

खरी गंमत एका केंद्रावर झाली. तिथे दोन कूलर, म्हणून दोन डबे. एक चालू केला की दुसरा नेटवर्कवरून गायब. राउटर बदलला, केबल बदलली, ऑपरेटरला फोनवर उगाच दोन शब्द ऐकवले. दोघांना एकच आयपी मिळत होता. मॅक ॲड्रेस (नेटवर्क चिपचे आपापले नंबर) वेगळे असताना कसा? आमच्या इमेजमध्ये नेटवर्क सिस्टमडी-नेटवर्कडी या सॉफ्टवेअरकडे होतं, आणि ते आयपी वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरला आपली ओळख देताना मॅक वापरत नाही, ईटीसी फोल्डरमधल्या मशीन-आयडी या फाइलवरून बनवलेला आकडा देतं. ती फाइल पहिल्या बूटला एकदाच तयार होते. आमच्या मास्टर कार्डाचं पहिलं बूट कधीच होऊन गेलेलं, त्यामुळे सगळ्या डब्यांची जन्मखूण एकच. एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायची सोय, तिच्या होस्ट कीज तशाच: प्रत्येक डब्यात तीच खाजगी किल्ली. एक डबा कुणाच्या हाती लागला की त्याला बाकी सगळ्यांचं सोंग घेता येईल. हे आम्हाला आयपीच्या भांडणामुळे कळलं, नाहीतर कळलंही नसतं.

मग कार्ड बनवणारा मुलगा नोकरी सोडून गेला. मॉडेमचा नवीन मॉडेल आला, ड्रायव्हर बदलायचा होता, आणि कार्डात नेमकं काय काय टाकलंय हे कुणालाच माहीत नाही. आम्ही कार्ड लावून हिस्टरी कमांड मारली. तिच्यात शेवटच्या हजारेक ओळी, त्यातल्या निम्म्या ‘एलएस’ आणि ‘सीडी’. कुठल्या तरी फाइलला नॅनो एडिटरने उघडल्याची नोंद होती, आत काय बदललं याची अर्थातच नव्हती. पिप इन्स्टॉल (पायथनची पॅकेजं टाकायची कमांड) होतं, व्हर्जन लिहिलेलं नव्हतं. तीच पॅकेजं नव्याने टाकली तर नवी व्हर्जन्स आली आणि आमचा कोड उठेना.

यॉक्टो-बिल्डरूट ज्या दुखण्यावर औषध आहेत, ते हे. यॉक्टोत प्रत्येक पॅकेजची एक रेसिपी असते, साधी टेक्स्ट फाइल: सोर्स कुठून घ्यायचा, गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनातला नेमका कोणता कमिट (नोंद) किंवा टारबॉलचा (सोर्सच्या गठ्ठ्याचा) चेकसम (पडताळणीचा आकडा) काय, लायसन्स कोणतं, कंपाइल कसं करायचं, कोणत्या फाइली कुठे ठेवायच्या. आपले बदल आपल्या लेअरमध्ये, म्हणजे रेसिपींच्या फोल्डरमध्ये, आणि लेअर गिटमध्ये. बिल्डरूटमध्ये तीच गोष्ट एका डेफकॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये आणि काही मेक फाइलींत. माणूस गेला तरी तो काय करून गेला हे डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्यातल्या फरकात, दिसतं. एक मात्र गाठीला बांधा: डाउनलोड झालेले सोर्स आपल्या डिस्कवर जपून ठेवा. चार वर्षांनी जुना टॅग बिल्ड करायला घेता आणि एखाद्या लायब्ररीची मूळ साइटच बंद पडलेली असते.

याच मुद्द्यात विजेची गोष्ट येते, मेसेजमध्ये तिचा उल्लेखच नाही. गावाकडे लाइट जाते, ऑपरेटर मेन स्विच पाडतो, डबा कधीच नीट शटडाउन होत नाही. लोक म्हणतात ईएक्सटी४ या फाइलसिस्टमला जर्नल, म्हणजे अर्धवट बदल सावरणारी नोंदवही, आहे. जर्नल फाइलसिस्टमचं आहे, कार्डाचं नाही. कार्डाच्या पोटातला कंट्रोलर मोठमोठे ब्लॉक पुसून डेटा इकडचा तिकडे हलवत असतो. नेमक्या त्या वेळी वीज गेली तर ज्या फाइलला तुम्ही हातही लावला नव्हता ती खराब होऊ शकते. उपाय म्हणजे रूट फाइलसिस्टम (ओएस जिथे बसते ती) फक्त वाचण्यापुरती ठेवायची, डेटासाठी वेगळं पार्टिशन, आणि जमलं तर कार्डाऐवजी ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरच बसवलेली मेमरी. रास्पबेरी पायच्या स्वतःच्या ओएसमध्येही रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या साधनातून ओव्हरले, म्हणजे कार्डाला हात न लावता बदल रॅममध्ये ठेवणारा थर, चालू करता येतो, हे कबूल. पण तो चालू केला की मेसेजमधला दुसराच मुद्दा गळून पडतो.

कारण ओव्हरले चालू असताना केलेलं एपीटी अपग्रेड रॅममध्ये होतं आणि रीबूटला पुसलं जातं. अपग्रेड टिकवायचं तर ओव्हरले बंद, रीबूट, अपग्रेड, पुन्हा चालू, पुन्हा रीबूट. हे दोनशे डब्यांवर सिमच्या डेटावरून करून दाखवा. ओव्हरले नसेल तर आणखी वाईट: एपीटी एकेक पॅकेज उलगडत जातं, मध्येच लाइट गेली की त्याच्या हाताखालचं डीपीकेजी अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी ‘कॉन्फिगर डॅश ए हाताने चालवा’ असं सांगतं. हाताने म्हणजे कुणाच्या हाताने? डबा कराडच्या पुढे, आम्ही भोसरीत.

डब्यांसाठी अपडेटची जी पद्धत रुळली आहे ती अशी. दोन रूट पार्टिशन ठेवायची, ए आणि बी. चालू ए वर असेल तर नवीन इमेज बी वर लिहायची, तिची डिजिटल सही तपासायची, मग बूटलोडरला, म्हणजे ओएस उठवणाऱ्या प्रोग्रामला, सांगायचं की आता बी. यू-बूट या बूटलोडरमध्ये बूटकाउंट, म्हणजे उठण्याच्या प्रयत्नांचा आकडा, असतो. बी ठरलेल्या प्रयत्नांत नीट उठलं नाही तर यू-बूट आपणहून ए वर परततं. लिहिताना वीज गेली तरी ए ला धक्का नाही. आरएयूसी, एसडब्ल्यूअपडेट, मेंडर ही तिन्ही यासाठीची ओपन सोर्स साधनं, तिघांचेही यॉक्टो लेअर तयार आहेत. ओव्हरलेवाली इमेज आणि ए-बी एकत्र छान नांदतात, कारण बदलते ती पूर्ण इमेज, आणि कोणत्या डब्यात काय आहे याचं उत्तर एका व्हर्जन नंबरात मिळतं.

या उत्तराची किंमत मार्च २०२४ मध्ये कळली. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या पॅकेजमध्ये, ५.६.० आणि ५.६.१ या दोन व्हर्जन्समध्ये, कुणीतरी चोरवाट पेरल्याचं २९ मार्चला उघड झालं. आमच्या एका ग्राहकाचा मेल आला: तुमच्या डब्यात हे आहे का? बिल्डरूटवर गेलेल्या डब्यांचं उत्तर पाच मिनिटांत दिलं. जुन्या, हाताने अपग्रेड होत राहिलेल्या डब्यांसाठी एकेकात लॉगिन करावं लागलं, आणि जे ऑफलाइन होते त्यांच्याबद्दल ‘बहुतेक नाही’ असं लिहावं लागलं. ग्राहकाला ‘बहुतेक’ हा शब्द आवडला नाही. आणि आता हा नुसता शिष्टाचार राहिलेला नाही. युरोपियन युनियनचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट १० डिसेंबर २०२४ पासून अमलात आहे. त्यातली कमकुवत जागा कळवण्याची बंधनं ११ सप्टेंबर २०२६ पासून, बाकी मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. उत्पादनात कोणते सॉफ्टवेअर घटक आहेत याची यादी, म्हणजे एसबॉम, त्यात येते. चाकण-भोसरीतून जर्मनीला माल पाठवणाऱ्यांना हा कागद लागणार. यॉक्टो ही यादी बिल्डबरोबरच एसपीडीएक्स या ठरावीक स्वरूपात काढून देतं. काडेपेटीतलं कार्ड देत नाही.

तिसरा मुद्दा अर्धा खरा आहे. यॉक्टो जड आहे. स्कार्थगॅप या २०२४ च्या एलटीएस (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या) आवृत्तीच्या कागदपत्रांतच नव्वद जीबी मोकळी जागा मागितलीय, आणि साध्या लॅपटॉपवर पहिल्या बिल्डला संध्याकाळी लावून सकाळी बघावं. दुसऱ्या बिल्डपासून आधीचं काम कॅशमधून येतं आणि गाडी हलकी होते. शिकताना सगळ्यात छळते ती जुनी माहिती. ऑक्टोबर २०२१ च्या ३.४ व्हर्जनमध्ये ओव्हरराइडची, म्हणजे रेसिपीतली मूल्यं बदलणाऱ्या ओळींची, लिहिण्याची पद्धत बदलली, अंडरस्कोअर-अपेंडच्या जागी कोलन-अपेंड आलं. त्याआधीच्या ब्लॉगवरून रेसिपी उचलली की यॉक्टोचं बिल्ड चालवणारं बिटबेक असं काही बोलतं की माणसाला वाटतं आपलंच चुकलं. माझे यात दोन दिवस गेले होते.

पण मेसेज ‘यॉक्टो-बिल्डरूट’ एका दमात बोलतो आणि दोघांना एकाच तराजूत घालतो, तिथे तो चुकतो. यॉक्टो म्हणजे मुळात ओएस नव्हे, ओएस बनवण्याचा कारखाना आहे. बरेच बोर्ड, बरेच प्रकार, मोठी टीम असेल तर तो परवडतो. बिल्डरूट २००१ मध्ये युसीलिब-सी ही छोटी सी लायब्ररी तपासायला सुरू झालेलं साधन, आजही मेक ही बिल्ड करायची कमांड आणि केकॉन्फिग ही कर्नलचीच सेटिंगची पद्धत यांवर चालतं. ज्याने कधी कर्नलचं मेन्यूकॉन्फिग, म्हणजे सेटिंगचा मेन्यू, उघडलंय त्याला ते एका आठवड्यात हाताशी येतं. त्याची खोड वेगळी: कॉन्फिगमध्ये मोठा बदल केला की सगळं पुसून पहिल्यापासून बिल्ड करणंच सुरक्षित, कारण कशाचा परिणाम कशावर झाला हे ते मागोवा घेत बसत नाही. एका बोर्डाच्या एका डब्याला एवढी खोड चालते. आम्ही तिघे जण होतो, आम्ही बिल्डरूट घेतलं. शिकवणी लावायचीही गरज नाही. फ्रान्सच्या बूटलिन या कंपनीने दोन्हींचं पूर्ण प्रशिक्षण साहित्य फुकट, खुल्या लायसन्सखाली ठेवलंय.

चौथा मुद्दा वाचून मला हसू आलं. लिनक्स फुकट आहे, पण बिनशर्त नाही. लिनक्सचं लायसन्स जीपीएल, त्याची दुसरी आवृत्ती सांगते की बायनरी देत असाल तर सोर्स द्या किंवा द्यायची लेखी हमी द्या, आणि सोर्समध्ये कंपाइल व इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्ट येतात. डीडीने काढलेल्या कार्डाच्या स्क्रिप्ट कुठून आणणार? ‘कोण विचारतंय’ असं म्हणणाऱ्यांनी लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरकडे बघावं. आत लिनक्स आहे हे लोकांनी ओळखलं, मागणी लावून धरली, आणि २००३ मध्ये कंपनीला सोर्स खुला करावा लागला. त्याच सोर्समधून पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं लिनक्स उभं राहिलं. लिंकसिसची तेव्हाची मालक सिस्को हिच्यावर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये दावा लावला, तो २००९ मध्ये तडजोडीने मिटला. २००७ मध्ये बिझीबॉक्स या छोट्या कमांडसंचाच्या लायसन्सवरून मॉन्सून मल्टिमीडियावर अमेरिकेत खटला झालाच होता. यात कन्सल्टंटचा काही हात नाही. बिल्डरूटमध्ये मेक लीगल-इन्फो म्हटलं की सोर्स, लायसन्सचे मजकूर आणि यादी एका फोल्डरमध्ये येऊन पडते. पूर्ण पालनासाठी वर थोडं काम उरतं, पण पाया तयार.

पाचव्यावर फार बोलायला नको. कार्डाची किंमत हा प्रश्नच नाही. बिल्डरूटची बिझीबॉक्सवाली साधी रूट फाइलसिस्टम काही एमबींत बसते, पायची लाइट इमेज उघडली की दोन जीबीच्या वर जाते. ए-बी अपडेट मोबाइल डेटावरून पाठवायचं असेल तेव्हा हा फरक बिलात दिसतो. आणि जो प्रोग्राम डब्यात नाहीच, त्यातल्या भोकाचा मेल येत नाही.

मेसेज कुठे बरोबर आहे तेही सांगतो. प्रोटोटाइप, कॉलेजचा प्रोजेक्ट, कंपनीच्याच आवारात बसणारे चार-पाच डबे, यांना तयार ओएसच घ्या, उगाच बिटबेक पेटवू नका. डेबियनच (पायच्या ओएसचा पाया असलेलं लिनक्स) हवं असेल तर पाय-जेन आहे. पायची अधिकृत ओएस त्यानेच बनते. निदान कार्ड स्क्रिप्टमधून तरी जन्मतं.

घरात पाय ४ पडून असेल तर शनिवारी करून बघा. बिल्डरूट उतरवा, रास्पबेरीपाय४_६४_डेफकॉन्फिग मेकला द्या, मग नुसतं मेक. पहिल्या वेळी टूलचेनपासून (कंपायलर वगैरे) सगळं बनतं, तेवढ्यात जेवण होतं. आउटपुटच्या इमेजेस फोल्डरमध्ये एसडीकार्ड डॉट आयएमजी मिळेल, ती कार्डावर ओता आणि स्क्रीन लावा. लॉगिनला रूट टाका. पासवर्ड विचारणार नाही. तो बसवायचं मेन्यूकॉन्फिगमध्ये ‘सिस्टम कॉन्फिगरेशन’खाली सापडेल.