थुंकण्याचे दोनशे रुपये

पावतीवर निळ्या शाईत स्वच्छ लिहिलंय : ‘थुंकणे – रु. २००’. खाली सही, तारीख आणि सभागृहाचा गोल शिक्का. या शहरात सिग्नलला उभ्या गाडीचं दार चार बोटं उघडून रस्त्यावर जे सोडलं जातं, जिन्यांच्या कोपऱ्यांना जो रंग चढतो, त्याची पावती फाटलेली मी तरी पाहिलेली नाही. फाटली ती माझी. आणि कशाबद्दल, तर घोटभर सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी वाइन एका प्लॅस्टिकच्या मगात, मान वळवून, रुमाल आडवा धरून टाकल्याबद्दल.

मार्च संपत आलेला. धरमपेठेतलं एक लहानसं सभागृह, आणि त्यात ‘चित्र रंगवा, स्थानिक वाइन चाखा’ असा अडीच तासांचा कार्यक्रम. गिऱ्हाईक सगळं ताडोब्याचं, वाघ बघायला निघालेलं. विमानाने नागपुरात उतरायचं, सफारी दुसऱ्या दिवशी दुपारची, मधल्या संध्याकाळचं करायचं काय? पुण्याहून आलेल्या आतेभावाने आणि वहिनींनी माझंही तिकीट काढलं, १,८०० रुपयांचं. नको कसं म्हणणार?

आता थुंकण्याबद्दल. वाइन चाखणं आणि वाइन पिणं यांत फरक करणारी वस्तू म्हणजे पिकदाणी. ग्लास पांढऱ्या कागदापुढे तिरपा धरून रंग पाहायचा. न हलवता एकदा हुंगायचं, मग गोल फिरवून पुन्हा हुंगायचं. दहा-पंधरा मिलीचा घोट घ्यायचा, त्यातून थोडी हवा ओढायची, आठ-दहा सेकंद तोंडभर फिरवायचा आणि टाकून द्यायचा. टाकल्याने काही बुडत नाही, कारण वाइनचा मोठा हिस्सा नाकालाच कळतो आणि तोंडातला वास घशामागून नाकात केव्हाच चढलेला असतो. कार्यक्रमात पाच वाइन होत्या, प्रत्येकी ५० मिली. म्हणजे २५० मिली, बाटलीचा तिसरा हिस्सा. १३ टक्क्यांनी धरलं तर ३२ मिली निव्वळ अल्कोहोल, वजनात पंचवीस ग्रॅमच्या आसपास. लग्नाच्या वरातीत हे कोणी मोजणार नाही. पण इथे पुढ्यात कॅनव्हास, त्यावर वाघ, आणि वाघाच्या मिशा लायनर, म्हणजे लांब बारीक केसांच्या ब्रशने एका दमात ओढायच्या.

पिकदाणी नव्हती. मागितली तर आयोजक मुलगा हसला. म्हणून मग. आणि मग सभागृहाचे केअरटेकर काका.

काका तोवर दाराशी स्टुलावर बसून होते. किल्ल्यांचा जुडगा, दोरीला लटकणारा चष्मा, आणि डाव्या गालात खर्रा, म्हणजे आपला सुपारी-तंबाखूचा घोटलेला तोबरा. खर्रा खाणाऱ्याशी बोलायचा ज्यांना सराव आहे त्यांना हे माहीत असेल : हनुवटी छताकडे, खालचा ओठ धरणासारखा वर, आणि शब्द जमेल तसे नाकातून.

“साहेब, थुंकले तुम्ही.”

“काका, ही चाखायची पद्धत आहे. तोंडात फिरवायची आणि टाकायची.”

“फेकाची?”

“हो.”

“म्हंजे खराब निघाली.”

“नाही, बरी आहे. थोडी गरम आहे इतकंच.”

“बरी हाये अन् फेकून राह्यले.” काकांनी साक्षीसाठी सभागृहभर पाहिलं. “गिळा नं मंग. पैसे तं भरलेच हाये.”

मी त्यांना समजावलं की ज्यांचा हा धंदा आहे ते दिवसाला पन्नासेक नमुने चाखतात, सगळे गिळले तर दुपारी उचलूनच न्यावं लागेल. काका विचारात पडले. मला वाटलं, पटलं.

“पन्नास?” ते म्हणाले. “कोन देते जी ही नोकरी?”

मी भिंतीकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिलेलं, ‘येथे थुंकल्यास दंड रु. २००’. म्हटलं, मी येथे थुंकलो नाही, मगात थुंकलो.

“मग कोनाचा?”

“सभागृहाचा.”

“मंग येथंच झालं नं.”

यावर कोणत्याही कोर्टात उत्तर नाही. तरी मी पुढे रेटलं, की प्यायला परवानगी आहे तर... त्यांनी हात वर केला. आपल्या राज्यात पिणाऱ्याकडेही परवाना लागतो. आयोजकांनी प्रत्येकाच्या नावाचे एक दिवसाचे परवाने काढले होते, आणि ते मोजून घ्यायचं काम काकांकडे होतं. “चोवीस मानसं, चोवीस कागद. पिण्याचे. थुंकायचा कागद त्यात एकही नाही.”

एवढं झाल्यावर त्यांचा गाल भरला. काका उठले, शांतपणे गॅलरीत गेले, कठड्यावरून वाकले, आणि खाली बोळात जे व्हायचं ते झालं. परत आले तेव्हा उच्चार एकदम शुद्ध. मी गॅलरीकडे पाहिलं. “थे आपल्या हद्दीत नाही,” ते म्हणाले आणि पावतीपुस्तक काढलं.

राग कशाचा आला असेल, तर यानंतरच्याचा. पावती फाडता फाडता त्यांनी माझा ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाले, “गवत.” मी गप्प. सोव्हिन्यों ब्लाँचा ताज्या कापलेल्या गवताचा, हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास ही तिची जगभरची ओळख. आयोजक मुलगा माइकवर वीस मिनिटं ‘आंबा, अननस, उन्हाळी सुट्टी’ असं काहीबाही सांगत होता. काकांनी एका हुंगण्यात निकाल लावला. पुन्हा हुंगून म्हणाले, “अन् वाळा. पन तो आपला हाये, कूलरचा.”

हेही खरं. नागपुरात मार्च संपता संपता कूलर माळ्यावरून उतरतात आणि त्यांच्या बाजूंच्या, पाण्याने भिजणाऱ्या ताट्या बदलतात. नव्या वाळ्याच्या ताट्या पहिले काही दिवस असा घमघमाट सोडतात, की त्या हवेत कुठल्याही वाइनचं नाक, म्हणजे तिचा वास, ओळखायला जाऊ नये. लाकडाच्या किसाच्या ताट्या एकदा धुतल्या की त्या मानाने गप्प असतात. ज्याला चाखण्याचा कार्यक्रम ठेवायचा आहे त्याने एवढं तरी बघावं. अत्तर, उदबत्ती, मोगऱ्याचा गजरा, यांचंही तेच. आणि थंडपणाचं काय? पांढरी वाइन ८ ते १० अंशांवर द्यावी. आमच्या टेबलावर ती बर्फाच्या बादलीतून निघून पंधरा मिनिटं भाषण ऐकत उभी होती. शिराझ ही लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ दिली गेली. खोलीच्या म्हणजे १६ ते १८ अंशांच्या. नागपूरच्या खोलीच्या नव्हे! तिशीच्या वर गेलेली शिराझ नुसती अल्कोहोलची वाफ मारते. तिच्याही बाटलीला बर्फात दहा-पंधरा मिनिटं बसवायला हवं होतं.

बरोबर खायला सावजी मसाल्याचे शेंगदाणे. तिखटाने अल्कोहोलचा जाळ दुप्पट लागतो आणि लाल वाइनचा तुरटपणा अंगावर येतो. साधा पाव आणि पाणी, बस. पण साधा पाव ठेवला तर तिकीट १,८०० चं कसं दिसणार?

चित्राची बाजू त्याहून करुण. अॅक्रिलिक रंग हा पाणी उडालं की सुकतो आणि एकदा सुकला की परत विरघळत नाही. शिकवणाऱ्या मुलीने सुरुवातीलाच थर्माकोलच्या ताटलीत सातही रंगांचे गोळे पिळून दिले आणि कूलरचा झोत थेट टेबलांवर. वाइनचं भाषण संपेपर्यंत प्रत्येक गोळ्यावर साय. मग लोक त्यात पाणी ओतत गेले. निम्म्याहून जास्त पाणी पडलं की त्यातला चिकटा विरतो, रंग खडूसारखा उठतो आणि सायीचे तुकडे वाघाच्या पाठीवर गाठी होऊन बसतात. वहिनींनी विचारलं, “वाघाला हे काय झालंय?” “टेक्स्चर,” मुलगी म्हणाली.

इलाज दहा रुपयांचा आहे. पसरट झाकणाचा डबा घ्यायचा, तळाशी ओलं फडकं किंवा स्पंज दाबून बसवायचा, त्यावर बटर पेपर. रंग त्या कागदावर काढायचा, आणि एका वेळी लागेल तेवढाच. खालून ओल मिळत राहते, नागपूरच्या एप्रिलमध्येही रंग दोन-तीन तास जिवंत राहतो. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही. वरून अधूनमधून पाण्याचा बारीक फवारा. कूलर असू द्यावा, त्याची दमट हवा रंगाला मानवते, फक्त तोंड भिंतीकडे करावं.

गंमत म्हणजे वाघाला इथला कोरडेपणा एका जागी कामाचा आहे. पिवळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून अंग भरलं, पोट आणि गाल पांढरे ठेवले, की पट्टे ओढण्याआधी ते पुरतं सुकायला हवं, नाहीतर काळा खालच्या रंगात मिसळून चिखल होतो. मुंबईच्या पावसाळ्यात त्यासाठी हेअर ड्रायर लागतो. आपल्याकडे जांभई देईपर्यंत काम झालेलं असतं. पट्ट्यांना ट्यूबमधला काळा वापरूच नये, बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा निळा मिसळावा, पट्टे जिवंत दिसतात. मिशा सगळ्यात शेवटी, रंग शाईइतका पातळ करून. आम्हाला त्या चौथ्या वाइननंतर ओढायला सांगितल्या. तिसऱ्यानंतर पाणवठ्याची रेघ होती. चोवीस कॅनव्हासांवरचे चोवीस पाणवठे एका बाजूला सांडत होते. थुंकलेला माणूस मी एकटा, आणि दंडही मलाच.

शिवाय ब्रश धुवायचं पाणी आणि वाइन, दोन्ही सारख्याच काचेच्या ग्लासांत. शेजारच्या गृहस्थांनी कॅडमियम पिवळ्याचा ब्रश शार्डने या दुसऱ्या पांढऱ्या वाइनमध्ये खळबळला आणि कोणी सांगायच्या आत उरलेली संपवली. कॅडमियम हा विषारी धातू, पोटात जायची वस्तू नाही. स्वस्त ट्यूबमध्ये ते बहुधा नुसतं नावाला असतं, म्हणून निभावलं. पाणी स्टीलच्या डब्यात, वाइन दांडीच्या ग्लासात, आणि ब्रश कधीही ओठांनी टोकदार करायचा नाही. हे तीन नियम भाषणात कुठेच नव्हते.

आणि ‘स्थानिक’. पाचही बाटल्या नाशिकच्या. समृद्धीवरून नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर, नाशिक त्याच्याही पुढे. या हिशोबाने रायपूर आमच्या गल्लीत येतं. नाशिकला ती उंची आहे, हिवाळ्याच्या थंड रात्री आहेत, जानेवारी ते मार्च तोडणी होते. त्यांचं त्यांना लखलाभ. पण बाटलीवर नाशिक आणि जाहिरातीत ‘विदर्भाची चव’ हे कसं? मी विचारलं तर मुलगा म्हणाला, “सर, पुढच्या सीझनला आपण संत्र्याची वाइन आणतोय.” आणा. पण संत्र्याचा रस काढून ठेवला की आंबट रसात हळूहळू लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं आणि तासाभरापूर्वी गोड असलेला रस कडू लागतो. बिया आणि फोडींची सालं चिरडली तर आणखी. आपल्या नागपुरी संत्र्याची ही खोड जुनी आहे. ती आवरल्याशिवाय वाइन केली तर लोक आपणहून थुंकतील, पावतीपुस्तक पुरणार नाही.

शेवटचा आयटम, शिराझने रंगवलेलं भेटकार्ड. लावताना सुरेख जांभूळरंग, पाच मिनिटांत राखाडी-निळा, लोक हिरमुसले. चांगल्या कागदात खडूची पूड असते, ती वाइनमधली आंबटाई मारते आणि द्राक्षाचा रंग निळ्याकडे झुकतो. पुढे महिन्याभरात तपकिरी. हे आधी सांगितलं असतं तर तीच गंमत झाली असती. २५० मिली वाइन मंद आचेवर ५० मिलीपर्यंत आटवून थरांवर थर दिले असते तर रंगही गडद आला असता. आमच्यातल्या काहींनी मात्र पाचवी, गोड वाइन वापरली. ती सुकत नाही, चिकट राहते. आतेभावाच्या हॉटेलातल्या मुंग्यांनी कार्ड रात्रीतच शोधलं.

निघताना प्रत्येकाला एक छोटी बाटली भेट. आतेभावाने आयोजकाला विचारलं, “उद्या ताडोब्याला नेली तर चालेल ना?” “बिनधास्त, सर.” दाराशी काकांनी अडवलं. “कोन्त्या रस्त्यानं चालले?” जाम-वरोरा, आतेभाऊ म्हणाला. “जाम वर्धा जिल्ह्यात येते. दारूबंदी हाये तिथं. उमरेड, भिवापूर, चिमूर असे जा.” ताडोबा ज्या जिल्ह्यात आहे त्या चंद्रपूरची बंदी २०२१ साली उठली, वर्ध्याची आहे, आणि हे त्या सभागृहात माहीत असलेला माणूस एकच होता. तो स्टुलावर बसायला होता आणि माइक दुसऱ्याच्या हातात.

चित्रं कशी न्यावीत हेही कोणी सांगितलं नाही. अॅक्रिलिक हाताला अर्ध्या तासात सुकतं, पण आतून पक्कं व्हायला दिवस लागतात, आणि तोवर उन्हात रंगाला रंग टेकला की तो घट्ट चिकटतो. मध्ये बटर पेपर घालायचा, पाठीला पाठ लावायची. आतेभावाने दोन्ही वाघ तोंडाला तोंड लावून डिकीत ठेवले. चिमूरला उचकटले तेव्हा त्याच्या वाघाच्या मिशा वहिनींच्या वाघाला गेल्या होत्या, त्याचा सफाचट. आयोजकांना फोटो पाठवला तर त्यांनी उलट एक लाल बदाम पाठवला आणि खाली लिहिलं, ‘किती गोड!’