बंडीची धाव, वाघाचा व्हिडिओ आणि माझी फजिती

2022 चा गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास अंगणात खाट टाकून बसलो होतो. आभाळातून जळते निखारे एका ओळीत सरकत गेले. बायको म्हणाली, विमान पेटलं. मी तीस वर्षं जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, मी ठासून सांगितलं, उल्का आहे. थोड्या वेळाने व्हॉट्सॲपवर फोटो आला: चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला आभाळातून दहा फुटांची धातूची रिंग पडली. मी ग्रुपवर लिहिलं, "बंडीची धाव, म्हणजे बैलगाडीच्या चाकाची लोखंडी पट्टी दिसते. कोणीतरी फोटो मोठा करून टाकला आहे. असल्या अफवा पसरवू नका." वर हात जोडल्याची खूणही टाकली.

सकाळी सिंदेवाहीच्या चुलतभावाचा फोन. "दादा, रिंग ठाण्यात आणून ठेवली गा. मी आताच पाहून आलो." पुढच्या दिवसांत आसपास धातूचे गोळेही सापडले. तो चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटचा तुकडा असावा, फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या, असं अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. म्हणजे उल्काही चुकली आणि धावही चुकली.

आता दुसरी फजिती. नोव्हेंबर 2025. ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहाचा म्हणून सीसीटीव्हीचा व्हिडिओ आला. माणूस खुर्चीवर बसलेला, वाघ येतो, धरून नेतो. मी तो बघता बघता तीन ग्रुपवर टाकला. वनरक्षक असलेल्या भाच्याने फोन करून झापलं, "मामा, तुमीच असं कराल तर बाकीच्याइले का सांगू?" व्हिडिओ एआयने बनवलेला होता, तसं वनविभागाने जाहीरही केलं.

खरी रिंग मी खोटी ठरवली, खोटा वाघ खरा मानला. असं का झालं यावर मी बरेच दिवस डोकं खाजवलं. आमच्याकडे वाघाने माणूस नेणं ही विचित्र बातमी राहिलेलीच नाही. त्याच वर्षी मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या होत्या. ती भीती मनात होतीच, व्हिडिओ तिच्यात अलगद बसला. रिंगेला बसायला मात्र माझ्या डोक्यात जागाच नव्हती. मी बातमी खरी का खोटी हे पाहतच नव्हतो. ती ओळखीची वाटते का, एवढंच पाहत होतो.

जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस गळायला लागले, तेव्हा मी जरा सावध झालो होतो, पण तेवढ्यापुरताच. बोंडगाव, कालवड, हिंगणा, गावांची नावं होती. बाई केसांतून हात फिरवते आणि अख्खी बट हातात येते. टपरीवर सगळे हसले, "टक्कल व्हायरस". आधी पाण्यावर बोट गेलं, कोणी बुरशी म्हणालं, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन संस्थेचं पथक आलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवलं. या बातमीची चाल बघा. पहिल्या दिवशी कोणालाच कारण माहीत नाही. मग एक कारण, मग दुसरं, अधिकारी डोकं खाजवतात. खरी गोष्ट अशी अडखळत, रखडत येते. खोटी मात्र नवरीसारखी सजूनच येते: कारण तयार, गुन्हेगार तयार, आणि खाली "दहा जणांना पाठवा".

2016 च्या नोव्हेंबरमधली नोटबंदी आठवा. एका रात्रीत पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या, हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. ते खरं निघालं. आणि दोन हजारच्या नोटेतली चिप, जी जमिनीत पुरली तरी सापडणार होती, ती थाप. ती तर टीव्हीवर सांगितली गेली, म्हणून "टीव्हीवर आलं" हाही पुरावा मी तेव्हापासून सोडला.

हे सगळं गमतीचं वाटत असेल तर धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवा. 1 जुलै 2018 ला मुलं पळवणारे समजून डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्या काळात देशभर फिरणारी एक क्लिप मूळची कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. शेवटचा खुलासा कापून पुढे पाठवलेली. ती कापणाऱ्याचं नाव कोणालाच माहीत नाही.

म्हणून मी आता गावाचं नाव शोधतो. तालुका लिहिला असेल तर तिथे कोणीतरी पाहुणा निघतोच, विदर्भात सोयरीक कमी नाही. एक फोन, बस. आणि नुसतं गावाचं नावही पुरत नाही, ब्रह्मपुरीचं होतंच की. भाच्याला आधी फोन केला असता तर झापून घ्यावं लागलं नसतं.

काल टपरीवर यवतमाळच्या अवनी वाघिणीचा विषय निघाला, 2018 मध्ये पांढरकवड्याकडे गोळी घातली ती. मी सांगितलं, तिला जवळ ओढायला वनखात्याने जंगलात केल्विन क्लाइनचा पुरुषांचा सेंट फवारला होता, 'ऑब्सेशन' नावाचा. हे शंभर टक्के खरं आहे. टपरीवाल्याने खर्रा घोटता घोटता माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, तुमी अजूनही फॉरवर्ड मारूनच रायले का गा?"