तीन हजार शब्द पाठ करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

ज्यांना आयेल्ट्सची, म्हणजे इंग्रजी किती येते हे तपासणारी, परीक्षा देऊन परदेशी जायचे आहे आणि त्यासाठी ‘ॲडव्हान्स व्होकॅब्युलरी’ नावाची वस्तू कुठून तरी पैदा करायची आहे, अशा सांगली, मिरज आणि कुपवाड येथील समस्त मुलामुलींच्या हितासाठी हा लेख लिहीत आहे. मी आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवले, तेव्हा या विषयातले मला काही कळत नाही हे उघडच आहे. परंतु गेल्या रविवारी मिरजेच्या एका रुग्णालयात परिचारिका असलेल्या माझ्या भाचीने तिच्या क्लासची वही माझ्यापुढे ठेवली आणि माझे डोळे उघडले. एवढे ज्ञान एकटीने पचवणे मला शक्य नाही.

प्रथम शब्दांची यादी मिळवावी, आणि ती जाड असावी. ॲव्हरिल कॉक्सहेड नावाच्या विदुषीने २००० साली विद्यापीठीय इंग्रजीतील शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. त्यासाठी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांतील सुमारे पस्तीस लाख शब्दांचा मजकूर तपासला, कोणता शब्द किती वेळा येतो आणि किती विषयांत येतो हे मोजले, आणि एवढा खटाटोप करून हाती काय लागले, तर अवघी ५७० शब्दकुळे (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपे मिळून एक कूळ). आपल्याकडचे सर असल्या मोजदादीत वेळ दवडत नाहीत. ते तीन हजार शब्दांची स्पायरल बाइंडिंग केलेली झेरॉक्स देतात आणि तिचे पैसे फीखेरीज वेगळे घेतात. कॉक्सहेडबाईंच्या यादीतले ‘ॲनलाइज’, ‘एव्हिडन्स’, ‘सिग्निफिकंट’ असले शब्द त्या झेरॉक्समध्ये नसतात, कारण ते सगळ्यांना येतात अशी सरांची समजूत असते. (ते कोणालाच धड वापरता येत नाहीत, हे मुलांचे निबंध वाचले तर कळेल, पण निबंध वाचतो कोण?) त्यांच्या जागी ‘प्लेथोरा’, ‘मिरिअड’, ‘युबिक्विटस’ आणि ‘पॅनेशिया’ ही चौकडी असते, जिच्याशिवाय सांगली जिल्ह्यातून आजवर एकही निबंध बाहेर पडलेला नाही.

पाठांतर ए या अक्षरापासून सुरू करावे. भाचीच्या वहीत ‘अबेट’, ‘ॲबरेशन’, ‘ॲब्स्टेमियस’ ही मंडळी हिरव्या शाईत, अर्थासह आणि चौकटीत बसवलेली आहेत. सी नंतरची पाने कोरी आहेत. आपल्याकडच्या उमेदवाराचे इंग्रजी ए पासून सी पर्यंतच असते, हे परीक्षकांनीही समजून घेतले पाहिजे.

क्लासचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच. त्यावर पहाटे साडेपाचला गुलाबाच्या फुलासह एक शब्द येतो, त्याखाली आपण अंगठा उमटवावा, म्हणजे तो शब्द आपल्याला आला.

वाचन करू नये.

शब्दाच्या शेजारी कोण बसते याची चौकशी करू नये. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो, वारा ‘स्ट्राँग’ असतो, चहाही ‘स्ट्राँग’ असतो, पण वाहतूक पुन्हा ‘हेवी’ असते. निर्णय ‘मेक’ करतात आणि गृहपाठ ‘डू’ करतात. हे असेच का, याला नियम नाही. ते वाचून वाचून आणि ऐकून ऐकून अंगवळणी पडते, त्याला वेळ लागतो, आणि क्लास तर पंचेचाळीस दिवसांचा असतो. म्हणून एका शब्दासमोर एकच मराठी अर्थ लिहावा आणि तो शब्द मिळेल त्या वाक्यात बसवावा. बसला नाही तर दाबून बसवावा.

लिसनिंगच्या पेपरला शब्द लागतच नाहीत असे समजून चालावे. तेथे कोणी तरी फोनवरून खोली भाड्याने घेते, पत्ता सांगते, बुधवारी येते म्हणून कळवते, आणि आपण लिहिलेल्या उत्तराचे स्पेलिंग चुकले की गुण जातो. ‘वेन्सडे’मधला न ऐकू येणारा डी आणि ‘अकोमोडेशन’मधले दोन एम हे झेरॉक्समध्ये दिलेले नसल्यामुळे त्यांची चिंता करू नये. रीडिंगला साठ मिनिटांत तीन उतारे आणि चाळीस प्रश्न असतात; अनोळखी शब्द मागच्यापुढच्या वाक्यांवरून ताडून पुढे सरकता येते का, हे तेथे पाहतात. आपण मात्र त्या शब्दापाशीच थांबावे आणि तो झेरॉक्सच्या डाव्या पानावर होता की उजव्या, हे डोळे मिटून आठवावे.

स्पीकिंगची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची असते. समोर बसलेला परीक्षक आधी तुमचे गाव, घर, काम यांविषयी साधे प्रश्न विचारतो, आणि नेमक्या अशाच वेळी आपले पाठांतर दाखवून द्यायचे असते. ‘मी मिरजेत राहते’ हे तीन शब्दांत सांगणे कमीपणाचे आहे. ‘माय डोमिसाइल इज सिच्युएटेड’ असा आरंभ करावा, मग परीक्षकाला तुम्ही तहसील कार्यालयातून आल्यासारखे वाटले तरी हरकत नाही. गणपतीच्या देवळात कितीदा जाता असे विचारल्यास, दर मंगळवारी जात असलात तरी, ‘वन्स इन अ ब्लू मून’, म्हणजे अगदी क्वचित, असे म्हणावे, कारण तो वाक्प्रचार पाठ आहे आणि वापरला नाही तर वाया जाईल. पुढच्या भागात एक कार्ड देतात आणि तयारीला एक मिनिट देतात. त्या मिनिटात काय सांगायचे याचा विचार न करता कोणते पाच जड शब्द कोंबायचे याची टिपणी करावी.

आता मुख्य उपाय. तो म्हणजे स्वतः लिहिलेल्या वाक्यातला प्रत्येक सोपा शब्द हुडकून काढणे आणि त्या जागी अवघड शब्द घालणे. याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून ते सविस्तर देते. सरकारने पैसा रोग टाळण्यावर खर्च करावा की उपचारांवर, असा निबंधाचा विषय होता. परिचारिकेला याहून सोयीचा विषय कोणता मिळणार? ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा शहरात शिरली तेव्हा ही मुलगी नर्सिंगला होती, आणि पाणी ओसरल्यावर तिच्या तुकडीने वस्त्यांमधून फिरून लोकांना पाणी उकळून प्यायला सांगितले होते. तिने ते लिहिलेही होते. वहीत तिच्या हातचे वाक्य असे आहे : ‘वी टोल्ड द फॅमिलीज टू बॉइल देअर वॉटर, अँड फ्यूअर चिल्ड्रन फेल सिक.’ कर्ता जागेवर आहे, काळ जुळला आहे, स्पेलिंग बरोबर आहे, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते उत्तर दुसऱ्या कोणाच्याही वहीत नसणार. सरांनी त्यावर लाल पेन चालवला. ‘टोल्ड’ खोडून ‘एक्झॉर्टेड’ केले. ‘बॉइल’ हा शब्द पाचवीतला आहे असे समासात लिहून त्याचे ‘सिमर’ केले, म्हणजे पुराच्या पाण्याला खळखळून उकळी आणण्याऐवजी लोकांनी ते आमटीसारखे मंद आचेवर ठेवावे असा शासकीय सल्ला तयार झाला. आणि ‘फेल सिक’ खोडून तेथे लिहिले ‘सकम्ड टू मॅलडीज’. रुग्णालयात काम करणाऱ्या मुलीच्या लेखणीतून, लाल शाईने, आजारी पडलेली पोरे मारून टाकली! रुग्ण ‘सकम्ड’ झाला असे वॉर्डातल्या कागदावर लिहिले तर काय होते, हे सरांना ठाऊक नसेल, पण तिला ठाऊक आहे. मी तिला विचारले, “तुला हे कळले नाही का गं?” ती म्हणाली, “कळलं होतं मामी, पण सर म्हणाले की परीक्षेत असंच लागतं.”

मार्केट यार्डात हळकुंडाला पॉलिश करतात, पण पॉलिश केलेले हळकुंड निदान हळद तरी राहते. या निबंधात तिचे काहीही राहिले नव्हते. वर आरंभीचे वाक्य सबंध बॅचला एकच दिलेले : ‘इन धिस कंटेम्पररी एरा, हेल्थ इज अ डबल-एज्ड स्वोर्ड.’ विषय मोबाइल असो, पर्यटन असो की आरोग्य, तलवार तीच आणि तिला धारा दोन. आरोग्य दुधारी कसे असते हो? त्याची दुसरी धार कोणाला लागली? बॅचमधल्या एकाही मुलाने हे विचारले नाही, कारण विचारायला मिळत नाही. चाळीस मुले, एक माइक, आणि समोरच्या पडद्यावर शब्द.

मला आता हे थट्टेवारी लिहवत नाही.

ही मुलगी पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आली. ऐकणे, वाचणे, बोलणे या तिन्हींत तिला सात बँड, म्हणजे नऊपैकी सात गुण, मिळाला. बोलण्यात मिळाला, कारण समोर माणूस दिसल्यावर ती पाठांतर विसरली आणि नेहमीसारखी बोलली. लेखनात साडेपाच. तिकडे परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला आयेल्ट्समध्ये त्या तिन्हींत सात आणि लेखनात साडेसहा लागतात. सतरा-अठरा हजारांची परीक्षा फी, वर क्लासची फी. माझ्या तासगावच्या नणंदेने द्राक्षाचे पैसे हातात आल्यावर ती भरली होती. आणि क्लासचे यावर म्हणणे काय, तर शब्द कमी पडले, पुढच्या बॅचला बसा.

शब्द कमी पडलेले नाहीत, सर. तुम्ही कमी पडलात. लेखनाचे गुण चार गोष्टींवर देतात : विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिले का, मुद्दे एकातून एक निघतात का, शब्दांची निवड कशी आहे, आणि व्याकरण किती विविध व बिनचूक आहे. चारांनाही सारखे वजन, म्हणजे शब्दांना गुणांचा चौथा हिस्सा. त्या चौथ्या हिश्श्यासाठी तुम्ही उरलेले तीन हिस्से बुडवलेत आणि तो चौथाही मिळवून दिला नाहीत, कारण प्रत्येक बँडला काय अपेक्षित आहे याचा जाहीर तक्ता परीक्षा घेणाऱ्यांनी फुकट उपलब्ध करून ठेवला आहे आणि त्यात सातव्या बँडपाशी, कमी प्रचलित शब्द वापरताना शैलीचे आणि कोणत्या शब्दाशी कोणता शब्द जुळतो याचे भान दिसावे, अशा अर्थाची अपेक्षा आहे. भान, सर. पोती भरून शब्द नव्हे. दुसऱ्या, अडीचशे शब्दांच्या निबंधाला पहिल्या, दीडशे शब्दांच्या लेखनापेक्षा दुप्पट वजन असते, आणि त्याच निबंधावर तुम्ही मुलांना पाठ केलेली तलवार घेऊन पाठवता, जी परीक्षकाने त्या सकाळीच आणखी चार उत्तरपत्रिकांत पाहिलेली असते. पाठ केलेले लेखन ओळखणे हे त्याच्या कामातच येते. तो तक्ता काही पानांचा आहे. फलक रंगवून घेण्याआधी तेवढा वाचायला तुम्हाला काय धाड भरली होती?

मुलांनो, तुम्हीही साळसूदपणा करू नका. रोज तीन तास रिळे पाहता आणि इंग्रजीतली एक बातमी शेवटपर्यंत वाचत नाही. शब्द पाठ केला की काम केल्यासारखे वाटते; वाक्य लिहिले की चूक दिसते, आणि चूक दिसणे नको असते, म्हणून वही भरत बसता. जो शब्द तुम्ही निरनिराळ्या मजकुरांत वाचलेला नाही आणि स्वतःच्या वाक्यात घालून कोणाकडून तपासून घेतलेला नाही, तो परीक्षेत लिहायचा नाही. मग तो ‘प्लेथोरा’ असला तरी नाही, आणि विशेषतः तो ‘प्लेथोरा’ असला तर मुळीच नाही. भाचीला मी तिचे जुने वाक्य पुन्हा लिहायला लावले आहे, आणि त्याच्यापुढे किती घरे होती, पाणी कशात उकळत, क्लोरिनच्या गोळ्या लोक का टाकत नसत, हे तिच्या शब्दांत लिहून आणायला सांगितले आहे. त्यासाठी तिला जे नवे शब्द लागले, ते झेरॉक्समध्ये नव्हते.

आणि पालकहो, दारावरची झेंडे लावलेली विमाने पाहून हजारो रुपये मोजण्याआधी त्या काउंटरवर एवढेच विचारा, की माझ्या मुलीने लिहिलेले निबंध आठवड्याला किती वेळा, कोण आणि तिला शेजारी बसवून तपासणार. “आम्ही रोज शब्दांची टेस्ट घेतो” असे उत्तर आले, तर पावती फाडू देऊ नका. तेथून उठा आणि घरी या.