प्रत्येक पौंडातून २८ टक्के कपात? ब्रिटनमधील अर्धवेळ पगाराचा खरा हिशेब

ब्रिटनला शिकायला निघालेल्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक हिशेब हमखास फिरतो: तासाला १२.२१ पौंड मिळाले, तरी २० टक्के आयकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सरकारी विम्याचा हप्ता) जाऊन हातात जेमतेम ८.७९ पौंड पडतात. दुसरी नोकरी धरली तर कर आणखी वाढतो. आणि एकदा कापलेले पैसे परत मिळत नाहीत.

दर खरे आहेत, पण ते पहिल्या पौंडापासून लागत नाहीत. २०२५-२६ या करवर्षात १२,५७० पौंडांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त होते आणि नॅशनल इन्शुरन्स आठवड्याला २४२ पौंडांच्या वरच्या रकमेवरच लागत होता. एकवीस किंवा त्याहून अधिक वयाच्या विद्यार्थ्याने त्या वर्षीच्या किमान वेतनावर (तासाला १२.२१ पौंड) विद्यार्थी व्हिसावर परवानगी असलेले आठवड्याचे २० तास भरले, तर २४४.२० पौंड होतात. वर्षभर असेच काम केले तर आठवड्याला कर सुमारे ५० पेन्स आणि इन्शुरन्स १८ पेन्स कापला जातो. त्या संदेशाच्या हिशेबाने मात्र ६८ पौंड गेले असते. ऑक्टोबरमध्ये काम सुरू करणाऱ्याला तर करवर्ष संपेपर्यंत, म्हणजे ५ एप्रिलपर्यंत, एवढ्या पगारावर आयकर लागतच नाही, कारण एप्रिलपासूनची न वापरलेली करमुक्त रक्कमही त्याच्या खात्यावर धरली जाते. बावीस वर्षे पूर्ण झालेल्यांच्या पेस्लिपवर याहून मोठी कपात बहुधा मालक आपोआप नाव नोंदवतो त्या पेन्शन योजनेची असते, आठवड्याला पाच-सहा पौंड. तिच्याबद्दल तो संदेश चकार शब्द काढत नाही. नाव नोंदले गेल्यापासून महिन्याच्या आत त्यातून बाहेर पडल्यास ती रक्कम परत मिळते.

दुसऱ्या नोकरीवर ‘बीआर’ (बेसिक रेट) हा कर-कोड लागून सरसकट २० टक्के कापले जातात, हे खरे. पण तो वाढीव कर नव्हे. करमुक्त मर्यादा पहिल्या नोकरीला जोडलेली असते, एवढेच. इन्शुरन्स तर प्रत्येक मालकाकडे स्वतंत्र मोजला जातो, त्यामुळे दोन वेगळ्या ठिकाणी दहा-दहा तास केले तर तो शून्यच येतो. हाच कोड पहिल्या नोकरीतही लागू शकतो: रुजू होताना भरायच्या ‘स्टार्टर चेकलिस्ट’मध्ये ‘ए’ (या करवर्षातली पहिली नोकरी) ऐवजी ‘सी’ (आणखी एक नोकरी आहे) या विधानावर खूण केली की झाले. ‘२० टक्के गेले’ अशा बऱ्याच तक्रारींचे मूळ इथेच असावे.

परताव्याबाबत मात्र तो संदेश अर्धा बरोबर आहे. आयकराचा हिशेब वर्षभराचा असतो. कोड दुरुस्त होऊन १२५७एल (पूर्ण करमुक्त मर्यादा देणारा नेहमीचा कोड) झाला की जादा कापलेला कर पुढच्या पगारात किंवा करवर्ष संपल्यावर परत येतो. इन्शुरन्स मात्र ज्या त्या पगारावर ठरतो. नाताळच्या सुट्टीत एखाद्या आठवड्यात त्याच दराने ४० तास करून ४८८.४० पौंड मिळवले, तर त्यातले १९.७१ पौंड इन्शुरन्सला जातात, आणि पुढचा आठवडा बिनकामाचा गेला तरी ते परत येत नाहीत.