आजी-आजोबांची ‘लक्षणीय उपस्थिती’

मुलगा न्यू जर्सीत, सुनेला आठवा महिना आणि पासपोर्टवर पाहुण्यांचा बी-2 व्हिसा. मग वाट कसली बघताय? डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा बॅगेत कोंबा आणि निघा. विमानतळावरचा अधिकारी सहा महिने राहा म्हणाला की पुरते सहा महिने राहा. तिकिटाचे पैसे वसूल व्हायला नकोत?

दिवस मात्र मोजू नका. चाळीस वर्षं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडलेत, तेवढं पुरे. आता हे काम अमेरिकेचं करखातं करतंय. ते खाडे नाही, हजेरी मांडतं. उतरलात तो दिवस धरून, निघालात तो दिवसही धरून. रात्री अकराला विमानातून उतरलात तरी अख्खा दिवस तुमच्या नावावर.

हिशेबाच्या फंदात पडू नका, पण कुणी सांगायलाच बसलं तर मान डोलवा. यंदाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा, त्याआधीच्या वर्षीच्या दिवसांचा सहावा. बेरीज 183 झाली आणि यंदाचे निदान 31 दिवस भरले, की करापुरते तुम्ही तिथले रहिवासी. दर वर्षी 120 दिवस राहिलात तर 120, 40 आणि 20 मिळून 180, सुटलात. पण नातवंडाला टाकून चार महिन्यांत कोण परततं? 1 मे ते 28 ऑक्टोबर, झाले 181. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच राहिलात की 181 अधिक 60.

या चाळणीचं नाव ‘सबस्टॅन्शियल प्रेझेन्स टेस्ट’. म्हणजे लक्षणीय उपस्थिती! सोसायटीच्या सभेत ज्यांचं म्हणणं इतिवृत्तात कधी आलं नाही, त्यांची उपस्थिती एका महासत्तेला लक्षणीय वाटते. प्रत्यक्षात तुम्हाला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार तुमची धाव टपालपेटीपर्यंत. असो. तोच मुलगा शिकायला गेला होता, तेव्हा विद्यार्थी म्हणून त्याचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस धरलेच नव्हते. त्याचं पोर सांभाळायला आलेल्या आजीचे पहिल्या दिवसापासून धरतात.

आजारी पडायचंच असेल तर तिथे पोचल्यावर पडा. परत निघायचं ठरलं होतं, पण तिथेच उद्भवलेल्या दुखण्यामुळे अडकलात, असं असेल तर ते दिवस वगळून मिळतात. गुडघा इथूनच दुखत नेला असेल तर नाही.

आणि रहिवासी झालात म्हणून बिघडलं काय? जगभरातलं उत्पन्न दाखवायचं, एवढंच. पेन्शन, एफडीचं व्याज, आपल्याकडे करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याजसुद्धा. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात एक दिवस जरी 10,000 डॉलरच्या वर गेली, तर त्या खात्यांची यादी वेगळी कळवायची. निवृत्तीच्या पैशांची एफडी केलेल्या कुणाचीही ती जाते. म्युच्युअल फंडांना 8621 नंबरचा स्वतंत्र फॉर्म, तोही प्रत्येक फंडाला वेगळा. वाचनाची आवड आहेच तुम्हाला. आपलं आयकर खातं रुसेल, अशीही भीती नको. उरलेले 184 दिवस तुम्ही भारतात असता, म्हणजे इथलेही रहिवासी. नागरी सत्कार दोन्हीकडे.

काही भित्री माणसं मात्र पुढच्या वर्षीच्या 15 जूनच्या आत 8840 नंबरचा फॉर्म भरून मोकळी होतात. ज्या वर्षाचा हिशेब, त्या एका वर्षात प्रत्यक्ष 183 पेक्षा कमी दिवस राहिलात आणि ग्रीन कार्डासाठी अर्ज केला नसेल, तर ‘आमचा जीव भारतातच अडकलाय’ असं त्यात पुराव्यानिशी मांडता येतं. मी एकदा भरलाय. तिथल्या डायनिंग टेबलावर, एका हाताने बाळाची बाटली सावरत. कायमचं घर कुठे? कोथरूड. मोटारगाडी कुठे? गाडी नाही, 2009 सालची स्कूटर पार्किंगमध्ये प्लास्टिकखाली आहे, पण तिला रकाना नव्हता. फर्निचर कुठे? मतदार म्हणून नोंद कुठे? (यादीत नाव सापडतं की नाही, हे सुदैवाने विचारत नाहीत.) तुमचं कुटुंब कुठे होतं? इथे पेन थांबलं. बायको स्वयंपाकघरात खिमट ढवळत होती, मुलगा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, नातू मांडीवर. मी ‘भारत’ लिहिणार, तेवढ्यात नातवाने कागदावर दूध सांडलं.

तुम्ही असल्या भानगडीत पडू नका. ऑक्टोबर उजाडेल, बॅगा माळ्यावरून खाली येतील आणि मुलगा चहा पिता पिता म्हणेल, “बाबा, डे-केअरला डिसेंबरपर्यंत जागा नाही. एक्स्टेंशनचा अर्ज टाकू या?” एका वर्षात 183 दिवस भरले की 8840 गेला आणि मग दोन्हीकडच्या रहिवाशाला नेमकं कुठलं मानायचं हे ठरवणारं, भारत-अमेरिका कर-कराराचं चौथं कलम उघडून बसावं लागतं, हे त्याला तेव्हा सांगू नका. नातवाला दुसऱ्या खांद्यावर घ्या आणि म्हणा, “टाक की. आम्हाला तिकडे कोणती कामं खोळंबलीत?”